सुरईचा डोह कोणी मारला?

मे महिन्यात नागपुरात बसलेल्या माणसाला कुठेही चल म्हटलं तरी तो हो म्हणतो. मीही म्हटलं. शेवंता ही माझी प्रशिक्षण कॉलेजच्या वसतिगृहातली सोबतीण. तिच्या धाकट्या भावाचं, माधोचं लग्न होतं. "जंगल आहे, नदी आहे, मोहाच्या झाडांची सावली आहे," असं तिनं सांगितलं. ऊनही तेवढंच आहे, हे सांगायचं ती सोयिस्कर विसरली. गोष्ट पन्नाशीच्या दशकातली, नवे पैसे नुकतेच आले होते आणि दुकानदार त्यांच्याकडे संशयानं बघत होते तेव्हाची. आज माझं वय विचारू नका. तिकडे जायचा बेत आखणाऱ्या मंडळींना उपयोग होईल ते सांगते, आणि जे मला आजवर नीट कळलेलं नाही तेही सांगते. दुसऱ्या प्रकारचं जरा जास्तच निघेल.

घरी परवानगी मिळवताना एक अट पडली, तिकडे काही भलतंसलतं खायचं नाही. आमच्या घरात माशाचं नाव काढायचीही सोय नव्हती. मी मान डोलावली आणि ट्रंक भरली.

इतवारीहून छोट्या रुळांची गाडी निघायची. आता ते रूळ राहिले नाहीत, त्यामुळे तो मजा-त्रास तुमच्या नशिबात नाही. गाडी इतकी निवांत चालायची की एक गृहस्थ खाली उतरून टेंभरं तोडून पुन्हा डब्यात चढले, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. नागभीडला गाडी बदलायची. तिथे फलाटावर केळीच्या पानावर गरम भजी मिळाली आणि चहा मिळाला, दोन्ही मिळून आण्यांतच भागलं. मूलला उतरलो तेव्हा माझे केस, पापण्या आणि भजी खाल्लेला हात सगळं एकाच रंगाचं झालं होतं, कोळशाच्या.

तेव्हा सगळाच चांदा जिल्हा. गडचिरोली म्हणजे त्याच जिल्ह्यातलं, वैनगंगेपलीकडचं एक गाव, आणि नदी ओलांडायला डोंगा. आम्हाला तेवढं लांब जायचं नव्हतं. मूलपासून पुढे सर्व्हिस मोटार होती, ती भरली की निघायची. भरली याचा अर्थ टपावरही जागा उरली नाही. फाट्यावर उतरलो तर शेवंताचे वडील, लहानूजी, बैलगाडी घेऊन उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत, आवाज खणखणीत. मला "मास्तरीणबाई" म्हणाले. मी अजून परीक्षासुद्धा दिली नव्हती, पण त्या गावात मी शेवटपर्यंत मास्तरीणबाईच राहिले.

त्यांच्या गावाचं नाव कोसमखेडा. धानाची शेतं उन्हानं तडकलेली, मध्येमध्ये मोहाची मोठी झाडं, आणि गावाच्या कडेनं सुरई नदी. नदी म्हणायची एवढंच. मे महिन्यात ती सलग वाहत नाही, मधूनच एक बारीक धार आणि मग एक डोह, पुन्हा वाळू, पुन्हा धार, पुन्हा डोह. पण कोसमखेड्याचा डोह मोठा होता, जांभळांच्या सावलीत, थंडगार. पोचलो त्या संध्याकाळी मी त्यात पाय सोडून बसले आणि घरच्यांना मनातल्या मनात क्षमा केली.

तिथेच शेवंतानं मला डोहाची रीत सांगितली, आणि ती आधी सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच. रानात गेळाचं झुडूप असतं. त्याची फळं वाळवून, कुटून पाण्यात घुसळली की साबणासारखा फेस येतो आणि मासे गुंगून वर येतात. हातानं वेचायचे. याला म्हणतात डोह मारणे. मासे खायला चालतात, माणसाला काही होत नाही, आणि दोन दिवसांत पाणी पुन्हा पहिल्यासारखं होतं. पण डोह कोणी एकट्यानं मारायचा नाही. वरच्या आणि खालच्या गावाला सांगावा धाडायचा, सगळ्यांनी मिळून उतरायचं, आणि मासे घरटी वाटायचे. त्यातही दोन गावांत सोयरीक ठरली असेल तर दोन्ही गावांचे डोह लग्नापर्यंत राखायचे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे एकत्र पाण्यात उतरतात आणि त्या माशांचंच जेवण होतं. ते जेवण झालं की सोयरीक पक्की.

माधोची नवरी वरच्या गावची, हिरडीटोल्याची. नाव सगुणा. डोह दोन महिने राखलेला होता. माधोनं मला तो असा दाखवला, जणू त्यानंच खणला होता. उंच, लाजाळू, आणि सगुणाचं नाव निघालं की कानापर्यंत हसणारा मुलगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या ओरड्यानं जाग आली. नदीवर गेलो. डोहभर मासे, पोटं वर करून. काही अजून तोंड उघडझाप करत होते. पाणी काढ्यासारखं तांबूस झालेलं, आणि काठाला फेसाची जाड साय. कुजलेल्या गवताचा आणि चुन्याचा मिसळून एक वास येत होता, पण तो वास कसला हे मी कोणाला विचारलं नाही. मला वाटलं गेळफळाचा वास असाच असेल. मी गेळफळ जन्मात पाहिलं नव्हतं.

लहानूजींनी ओंजळीत फेस घेतला, बघितला आणि पाण्यात झटकला.

"गेळाचंच काम हाय हे," ते म्हणाले. "वरच्यायनं मारला डोह. सोयरीक ठरली असताना."

ते मोठ्यानं बोलले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली. माधो काठावर तसाच उभा राहिला. हातातला लोटा त्यानं भरला नाही आणि खालीही ठेवला नाही.

राग राग झाला तरी मासे वाया घालवायची पद्धत नव्हती. टोपल्या भरल्या, वाटे झाले. दुपारी शेवंताच्या आईनं चिंच घालून रस्सा केला, सोबत तांदळाचा भात. आणि मी, घरी मान डोलावून आलेली मी, दोन वेळा वाढून घेतलं. काय सांगू, इतकं चवदार मी तोवर काही खाल्लं नव्हतं. एका माशाला जरा चुन्याची चव होती, पण मला माशाची चव कशी असते हे तरी कुठे माहीत होतं.

संध्याकाळपासून गावभर पोटं बिघडली. माझं तर असं बिघडलं की ट्रंकेतली सगळी पातळं वापरात आली. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं मासे शिळे झाले, कोणी म्हणालं मास्तरीणबाईला सवय नाही, जे खरंच होतं. पण मग सवय असलेल्यांचं काय? डोहात पातळं धुतलेल्या बायकांच्या हाताला पुरळ आलं. बैल पाण्याशी नेले तर वास घेऊन मागे फिरले. लहानूजींनी बैलांना शिव्या घातल्या आणि विहिरीचं पाणी शेंदून पाजलं. ती एकच विहीर, आणि मे महिन्यात तळाला गेलेली. म्हणून प्यायला लोकांनी नदीच धरली होती.

माझ्या डोक्यात काहीच जुळेना. गेळफळानं माणसाला काही होत नाही म्हणतात, मग झालं ते काय? मी शेवंताला विचारलं. ती म्हणाली, गप्प बस, इथे लग्न मोडायला आलं आहे आणि तुला पोटाचं पडलंय.

ते खरं होतं. पंच बसणार होते. हिरडीटोल्यानं डोह मारला असं ठरलं, आणि त्यांनी नाकारलं, तर सोयरीक तुटणार. खोटं बोलणाऱ्याच्या घरची मुलगी आणायची नाही, असं लहानूजींचं म्हणणं. माधो शेवंताकडे आला. तो माझ्यासमोर फारसा बोलत नसे, पण त्या वेळी त्याला माझं भान नव्हतं.

"ताई, तू जाऊन पाह्य," तो म्हणाला. "बाबा मले जाऊ देत नाई. तिच्या बापानं असं केलं असन, मले पटून नाई राह्यलं."

म्हणून आम्ही दोघी हळदीचं निमित्त करून पहाटे निघालो, नदीच्या उलट दिशेनं, वर. पोटाची अवस्था पाहता ताकाची हंडी सोबत घेतली. तुम्हाला या भागात चालायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा, सकाळी लवकर निघा, आणि वाळूतून चालू नका, काठानं चाला. पळस संपला की धावड्याची झाडं लागतात, ती संपली की बांबू. चढ नाही, पण सावली मधूनच पळते. वाटेत जे जे डोह लागले त्या सगळ्यांत तेच तांबूस पाणी होतं आणि तोच वास. एका ठिकाणी एक बगळा मेलेल्या माशाजवळ उभा होता, त्यानंही तो खाल्ला नाही. हे मी शेवंताला दाखवलं. त्यानंतर तिनं वाटेतल्या पाण्यात पाय घालायचं टाळलं.

हिरडीटोल्यात सगुणाचे वडील, दसरूभाऊ, अंगणात बसून खाटेची दोरी ओढत होते. बारीक अंगाचे, बोलणं हळू. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि शेवंताचा चेहरा बघून विझला. शेवंतानं आडपडदा न ठेवता विचारलं. त्यांनी दोरी सोडली. ते म्हणाले, आमच्याही डोहात मासे मेले आहेत, आणि आम्ही समजत होतो की वरच्या टोल्यातल्या, म्हणजे वाडीतल्या, गोंडांनी डोह मारला. आमची माणसं त्यांच्याशी भांडूनही आली.

आता माझा पुरता गोंधळ उडाला. खालचे वरच्यांना धरतात, वरचे त्यांच्या वरच्यांना. अशानं आपण नदीच्या उगमाला जाऊन पोचू आणि तिथल्या दगडावर आळ घेऊ, असं मी म्हटलं. सगुणा दाराशी उभी होती, हळदीच्या आधीची, हातात बांगड्या नाहीत. ती हसली. मला ती फार आवडली. सावळी, ठसठशीत, आणि डोळे सरळ समोर. निघताना ती फक्त एवढंच म्हणाली, "त्याईले सांगा, आमी नाई केलं." त्याईले म्हणजे माधोला. तिच्या घरी त्याचं नाव घ्यायची रीत नव्हती.

वरच्या टोल्यात गोंडांची मोजकी घरं. शेणानं सारवलेली, भिंतींवर बोटांनी काढलेली नक्षी, आणि इतकी स्वच्छता की मी चपला कुठे काढू ते सुचेना. एका म्हाताऱ्यानं आम्हाला आंबील दिली. तो घरच्यांशी बोलताना पाण्याला येर म्हणत होता, आमच्याशी आमच्यासारखं बोलत होता. गेळाचं नाव काढताच तो हसायला लागला.

"एवढा फेस कराले गेळ आनाचे कुठून?" तो म्हणाला. "जंगल झोडपलं तरी पुरे नाई."

मग त्यानं हनुवटीनंच नदीच्या वरच्या अंगाला खूण केली. झाडांच्या वर धुराची एक सरळ काडी दिसत होती.

ती पुठ्ठ्याची गिरणी. दोन वर्षांपूर्वी कोणी बाहेरच्या शेठनं काढलेली. आम्हा नागपूरकरांना तिचा पत्ताही नव्हता, आणि शेवंताला पत्ता होता पण गिरणीचा आणि डोहाचा काही संबंध असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. का यावं? गिरणी काही कुटत नाही, घुसळत नाही, मासे वाटून घेत नाही. त्या नदीवर डोह मरतो तो माणसांच्या हातानं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

गिरणीचा व्यवस्थापक आम्हाला फाटकाशीच भेटला. मी मनात भांडणाची वाक्यं जुळवत गेले होते, आणि त्या माणसानं आम्हाला लिंबाचं सरबत दिलं. शिकलेल्या मुली बघून त्याला इतका आनंद झाला की त्यानं सगळी गिरणी फिरवून दाखवली. मोठ्या कढयांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि बांबूचे तुकडे चुन्याच्या पाण्यात शिजत होते. मग त्यांचा लगदा, मग लगद्याचा पातळ थर, आणि शेवटी यंत्राच्या दुसऱ्या टोकातून सपाट, कोमट, करडा पुठ्ठा. आजही लाज वाटते सांगायला, पण मला ते फार सुंदर वाटलं. देश नवा होता, यंत्रं नवी होती, आणि मी ज्या वह्यांना पुठ्ठे घालून वर्षानुवर्षं शिकले ते पुठ्ठे असे होतात हे मी पहिल्यांदा पाहत होते. त्यानं मला एक तुकडा भेट दिला. मी तो घेतला.

गिरणीच्या मागे हौद होते. शिजवणीचं काळपट पाणी त्यांत साठायचं. पावसाळ्यापूर्वी हौद रिकामे करावे लागतात, म्हणून चार दिवसांपूर्वी बांध फोडून पाणी नदीत सोडलं, असं त्यानं आपण होऊन सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. शेवंतानं माशांचं सांगितलं तेव्हा त्याला खरंच वाईट वाटलं. तो म्हणाला, अहो पण हा नुसता गवताचा काढा, त्यात थोडा चुना, शेताला उलट चांगला. आणि नदी नाही तर सोडायचं कुठे? मी हौदांकडे बघितलं, मग नदीकडे. सोडायचं कुठे?

बाहेर आलो तर कामगारांची पाळी सुटत होती. वरच्या टोल्यातले लोकही त्यांत होते, खांद्यावर नवे पंचे. एका बाईनं सांगितलं की आता मोहफुलं वेचायला लांब जावं लागत नाही, मुलाच्या अंगात सदरा आहे. तिच्या पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत खरजेसारखं काहीतरी झालेलं होतं. ती हौदातला गाळ उपसायची. पायांचं विचारलं तर म्हणाली, होते असं, तेल लावते. मी त्या बाईसाठी रागवू की तिच्या मुलाच्या सदऱ्यासाठी खूश होऊ, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळत नाही.

परतताना शेवंता भरभर चालत होती. आता सगळं सोपं झालं, ती म्हणाली. कोणीच डोह मारला नाही, लग्न होईल. मलाही तसंच वाटलं. मी वाटेत मनाशी जेवणाचे बेतसुद्धा केले, मासे वगळून.

घरी पोचून शेवंतानं वडिलांना सगळं सांगितलं, मी मध्येमध्ये भर घातली, पुठ्ठ्याचा तुकडा दाखवला. लहानूजींनी तो हातात घेतला, वास घेतला, आणि त्यांची खात्री पटली हे आम्हाला दिसलं. तुकडा त्यांनी मला परत दिला.

"तुमी खरं बोलून राह्यल्या, मी मानतो," ते म्हणाले. "पन पोरी, गिरणीले पंचात बसवाचं कसं? तिले बोलवाले कोन जाईन? गावाले कोनाचं तरी नाव पाह्यजे."

मी म्हटलं, आपण सगळी गावं मिळून जाऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण गावाबाहेरच्या माणसाकडे पाहतो, प्रेमानं आणि जरा दमून. गिरणीवर शेठ आहे, शेठमागे साहेब आहे. खालच्या गावांचा बांबूही तीच गिरणी घेते. आणि माणसं आजारी पडली, मासे मेले, याची भरपाई कोणीतरी करायला हवी, नाहीतर गावाचा राग नवरीच्या डोक्यावर आयुष्यभर बसेल. पंचात दंड भरला की गोष्ट संपते, अशी तिकडची रीत. संपलेली गोष्ट पुन्हा काढायची नाही.

पंच जांभळाखाली बसले. हिरडीटोल्याची माणसं आली, पुढे दसरूभाऊ. मी बायकांत मागे उभी होते. मला वाटलं आता ते सांगतील, आमच्याकडेही मासे मेले, गिरणीचं पाणी आलं. त्यांना तर सगळं ठाऊक होतं, परतताना आम्हीच त्यांना सांगितलं होतं. ते उभे राहिले, पागोटं काढलं आणि जमिनीवर ठेवलं.

"डोह आमीच मारला," ते म्हणाले. "गलती झाली. दंड सांगा."

शेवंताच्या तोंडून आवाज निघाला, आणि वडिलांच्या एका नजरेनं तो थांबला. पंचांनी बोकडाचा दंड सांगितला आणि गावाला एक जेवण. दसरूभाऊंनी मान्य केलं. लहानूजी पुढे झाले, त्यांनी पागोटं उचलून व्याह्यांच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं ठेवलं, आणि दोघं रडले. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कोणीतरी चिलीम पेटवली. आणि मी तिथे उभी, मला संताप आला होता, रडूही आलं होतं, आणि नेमकं कोणावर संतापायचं ते ठरत नव्हतं. त्या दोन म्हाताऱ्यांवर तर मुळीच नाही.

लग्न झालं. छान झालं. माधो कानापर्यंत हसला. दुसऱ्या दिवशी डोहाच्या जेवणाऐवजी वांग्याची भाजी आणि बोकड झालं, आणि पाण्यात उतरायचं ते दोन्हीकडच्यांनी नुसते पाय बुडवून रीत पार पाडली. सगुणानंही बुडवले. मग मी पाहिलं की बायका घागरी घेऊन डोहात उतरत आहेत. मी धावत गेले. हे पाणी पिऊ नका म्हटलं, अजून वास येतो आहे. शेवंताची काकू कमरेइतक्या पाण्यात उभी राहून घागर भरत होती. तिनं मला समजावलं, गेळाचं पाणी दोन दिवसांत उतरते. आणि दंड भरला ना आता.

मी आणि शेवंतानं वाळूत झिरा खणला, निदान घरच्यापुरतं प्यायचं पाणी त्यातून यावं म्हणून. त्यात पाणी आलं, फिकट तांबूस. आम्ही ते पदरातून गाळलं आणि दोघींनी एकमेकींकडे न बघता प्यायलं.

परतीचा प्रवास तोच, उलटा. फाट्यावर मोटार, मूलला गाडी, नागभीडला भजी. या वेळी ती मी डब्यातल्या एका पोराला देऊन टाकली. घरी आल्यावर आईनं माठातलं गार पाणी पुढे केलं. मी पेला नाकाशी नेला आणि वास घेतला. आई म्हणाली, काय झालं, माठ नवा नाही. मी पाणी प्यायले, वासाचं सांगितलं नाही. माशांचंही सांगितलं नाही. पुठ्ठ्याचा तुकडा माझ्या शब्दकोशाला घातला, तो आजही आहे. टिकाऊ माल, तेवढं मान्य करायला हवं.

शेवंताकडून हालहवाल कळत राहिली. गिरणी आणखी काही वर्षं चालली, मग शेठच्या भाऊबंदकीत बंद पडली. नदीकडे बघून कोणी बंद केली नाही. तुम्ही आज गेलात तर पक्का रस्ता आहे, चंद्रपुराहून बस आहे, गडचिरोली वेगळा जिल्हा आहे आणि वैनगंगेवर पूल आहे. सुरईचे डोह जांभळांखाली तसेच दिसतात. हातपंपाचं पाणी प्या.

पुष्कळ वर्षांनी शेवंता एका बाईला घेऊन माझ्याकडे नागपूरला आली. हाताच्या कातडीसाठी मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. कोपरापर्यंत जाड, खवल्यांसारखी भेगाळलेली कातडी. ती सगुणा होती. डोळे अजून सरळ समोर. गावात तिला लोक काय म्हणतात ते शेवंतानं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, गेळवाली. भांडण निघालं की, नदीला पाणी कमी आलं की, कोणाच्या गाईनं वासरू टाकलं की, गेळवाली. दंड भरून गोष्ट संपत होती ती पुरुषांपुरती.

मी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो नाकाशी नेला, वास घेतला, आणि मग प्यायली. मला राहवलं नाही. मी विचारलं, तुला माहीत होतं ना, ते गिरणीचं पाणी होतं?

"मलेच काऊन बाई, साऱ्यायले माहीत होतं," ती म्हणाली.

मग इतकी वर्षं ऐकून का घेतलंस, असं मी विचारलं. तिनं पेला खाली ठेवला आणि मला समजावून सांगावं तशी म्हणाली,

"गिरणीच्या फाटकात जाऊन कोन भांडते? माह्या अंगनात येता येते."

मग तिनं आणखी पाणी मागितलं, आणि मी दिलं.